पंचाहत्तर नव्हे, त्रेसष्ट

फोनवरचा एक आवाज म्हणजे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट. एकूण ६४ किलोबिट. अमेरिकेत १९६२ साली बेल कंपनीने असे २४ आवाज एका जोडणीत बसवले. ती टी-१, १.५४४ मेगाबिटची. युरोपने, आणि भारतानेही, ३२ कप्प्यांची ई-१ घेतली: २.०४८ मेगाबिट. बोलायला त्यातले ३०च; उरलेले दोन ताळमेळ आणि सिग्नलिंगसाठी.

पुढे प्रकाशतंतू आले. तिथली एसटीएम-१ ही पायरी १५५.५२ मेगाबिटची. कॅल्क्युलेटर म्हणतो, तीत पंचाहत्तर ई-१ मावतील. त्याचं ऐकू नका, मावतात ६३! बाकीची जागा देखरेखीचे बिट आणि घड्याळांमधला फरक सांभाळण्याची तजवीज खाऊन टाकते. अमेरिकी ओसी-३चा वेगही नेमका हाच. तीत टी-१ मात्र ८४ बसतात.