एकच जंतू, दोन आजार
शरीराची संरक्षण यंत्रणा : लेखांक ९

मदतनीस टी पेशी स्वतः जंतू मारत नाहीत, त्या हुकूम सोडतात, हे मागच्या लेखांकात पाहिलं. पण हुकूमच चुकला तर? 1986 साली मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या पेशींवर काम करताना दाखवून दिलं की या मदतनिसांत दोन तट असतात. पहिल्या तटाच्या, म्हणजे टीएच-1 पेशी गामा इंटरफेरॉन सोडतात आणि भक्षक पेशींना त्यांच्या पोटात दडलेले जंतू मारायला लावतात. टीएच-2 पेशींची रसायनं वेगळी. त्यांचा भर प्रतिपिंडांवर आणि जंतांशी लढण्यावर. दोन्ही तट एकमेकांना दाबूनही ठेवतात.

माणसात याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे कुष्ठरोग. 1873 साली नॉर्वेत हॅन्सननं शोधलेला हा जंतू भक्षक पेशींत आणि नसांवरच्या आवरणाच्या पेशींत लपून राहतो. तिथवर प्रतिपिंडं पोचत नाहीत. ज्याच्याकडे टीएच-1 चा जोर, त्याच्या अंगावर एखाद-दोन बधिर चट्टे उठतात आणि त्यांत जंतू शोधूनही सापडत नाही. ज्याचा कल टीएच-2 कडे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर, तरी त्वचेत जंतूंचा नुसता सुकाळ. कानाच्या पाळ्या जाड होतात, अंगावर गाठी येतात. बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात आणि तिथून सरकतही असतात. शिवाय ज्यांच्या शरीरात हा जंतू शिरतो, त्यांतल्या बहुतेकांना आजार होतच नाही.

इथवर टीएच-1 चांगला आणि टीएच-2 वाईट असं वाटेल. पाठ्यपुस्तकंही थोडीफार तसाच सूर लावतात. मला तो पटत नाही, कारण कुष्ठरोगात हात वाकडा होतो तो बऱ्याचदा या ‘चांगल्या’ मदतनिसामुळे. उपचार सुरू असताना मधल्या गटातल्या काही रुग्णांची टीएच-1 बाजू एकाएकी उसळते. जुना चट्टा लाल होऊन सुजतो, कोपराच्या मागची नस दोरीसारखी जाड आणि हुळहुळी होते, करंगळीतली ताकद जाते. नसेत लपलेल्या जंतूवर हल्ला होतो खरा, पण सूज नसेच्या आवरणात कोंडते आणि नस चिरडली जाते. मेलेल्या जंतूंचे अवशेषही या हल्ल्याला पुरतात.

म्हणूनच तपासणारा कर्मचारी दर भेटीत कोपराची नस चाचपतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगून तळहाताला बॉलपेनचं टोक हलकेच लावतो आणि कुठे लागलं ते बोटानं दाखवायला सांगतो. कालपर्यंत कळत होतं ते आज कळेनासं झालं, तर थांबायला वेळ नसतो.

रुग्णाला मात्र वाटतं, गोळ्या बाधल्या! तो त्या बंद करतो आणि घोटाळा इथेच होतो. एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या बहुऔषधी उपचाराच्या, गोळ्या चालूच ठेवायच्या आणि जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यायचं, टीएच-1 चा भडका शमवण्यासाठी. ते कित्येक आठवडे चालतं, डोस हळूहळू उतरवत न्यायचा. 6 किंवा 12 महिन्यांचा एमडीटीचा कोर्स संपल्यावरही अशी उसळी येऊ शकते, तेव्हा ‘बरा झाला’ असा शिक्का मिळालेल्या माणसाचीही नस दुखू लागली तर पुन्हा तपासायला हवी.

जंतूंनी भरलेल्या टोकाला होणारी ताप-गाठींची ‘टाइप 2’ उसळी वेगळी. तिच्यात प्रतिपिंडांचा हात असतो. ती पुढच्या आठवड्यात.