हजार फॉन्ट, एक संगणक : फॉन्टचा साठा कसा सांभाळायचा?

डीटीपी किंवा डिझाइनचं काम चालतं त्या संगणकावर दोन-तीन वर्षांत एक गोष्ट हमखास साठते, ती म्हणजे फॉन्ट. कोणीतरी पेनड्राइव्हमधून ‘पाच हजार फॉन्टचा सेट’ देतं. लग्नपत्रिकेसाठी एखादा वळणदार फॉन्ट आपण नेटवरून उतरवतो. प्रेसवाला फाइलसोबत त्याचे फॉन्ट पाठवतो. हे सगळं ‘सिलेक्ट ऑल, इन्स्टॉल’ करून आपण मोकळे होतो. मग कोरल ड्रॉ उघडेपर्यंत चहा पिऊन होतो आणि फॉन्टची यादी खाली सरकवता सरकवता बोट दुखतं.

पण संगणक हळू चालणं हा या पसाऱ्यातला सगळ्यात लहान त्रास आहे. खरा धोका वेगळा आहे आणि मराठीत काम करणाऱ्यांना तो जास्त आहे. आज आपण तो समजून घेऊ आणि त्यावरचा उपायही पाहू.

साठवणं वेगळं, इन्स्टॉल करणं वेगळं

फॉन्ट म्हणजे एक फाइल. ती डिस्कवर नुसती पडून असेल तर काहीच करत नाही. आपण ती इन्स्टॉल करतो तेव्हा विंडोज तिची नोंद घेतं आणि प्रत्येक प्रोग्रॅमला सांगतं, हा फॉन्ट हजर आहे. डिझाइनचे प्रोग्रॅम अशा हजर फॉन्टची यादी तयार करतात. तीन हजार फॉन्ट असतील तर तीन हजारांची हजेरी घ्यावी लागते. वर्गात साठ मुलं असताना शिक्षकांचा किती वेळ हजेरीत जातो, ते तुम्हाला माहीतच आहे.

म्हणून पहिला नियम असा की सगळे फॉन्ट साठवा, पण इन्स्टॉल मोजकेच करा. माझ्या मते रोजच्या कामाला विंडोजचे स्वतःचे फॉन्ट सोडून शंभर-सव्वाशे पुरे होतात. बाकीचे दुसऱ्या ड्राइव्हवर एका फोल्डरात ठेवायचे आणि काम येईल तेव्हा तेवढ्यापुरते चालू करायचे.

हे ‘तेवढ्यापुरतं चालू करणं’ फॉन्ट मॅनेजर करतो. नेक्ससफॉन्ट आणि फॉन्टबेस हे दोन्ही फुकट वापरता येतात. कोरल ड्रॉच्या नव्या आवृत्त्यांसोबत कोरल फॉन्ट मॅनेजर येतो, आणि मॅकमध्ये फॉन्ट बुक आधीपासूनच असतं. नेक्ससफॉन्टला आपलं फोल्डर दाखवलं की त्यातले फॉन्ट न इन्स्टॉल करताही नमुन्यासकट दिसतात. त्यात गट करता येतात आणि तो प्रोग्रॅम चालू असेपर्यंत त्या गटातले फॉन्ट इतर प्रोग्रॅमांनाही मिळतात. बंद केला की ते जातात. हे लक्षात ठेवा, नाहीतर इनडिझाइनमध्ये अचानक गुलाबी पट्टे दिसले की घाबरायला होतं. गुलाबी पट्टा म्हणजे या मजकुराचा फॉन्ट सापडत नाही, एवढंच.

मराठी फॉन्ट दोन प्रकारचे

इथे जरा थांबून नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे.

युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी एका फॉन्टमध्ये अक्षरांसाठी जेमतेम २५६ जागा असत आणि त्या इंग्रजी अक्षरांना व चिन्हांना नेमून दिलेल्या होत्या. मराठी छापायचं तर त्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवावे लागत. अर्धं अक्षर एका जागी, काना दुसरीकडे, रफार तिसरीकडे. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे जुने फॉन्ट हे सगळे असेच. म्हणजे फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं, कंस असलंच काही साठवलेलं असतं. फॉन्ट त्याला मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो आणि पानभर अगम्य खिचडी उरते. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती. त्यामुळे श्रीलिपीतला मजकूर आकृतीच्या फॉन्टमध्ये टाकला तर तो वाचता येत नाही.

युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कुठलाही असो. विंडोज २००० पासून मंगल फॉन्ट आला आणि युनिकोड मराठी साध्या संगणकावर दिसू लागली. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त, बलू, किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी हे आजचे युनिकोड फॉन्ट. हे मोफत आहेत आणि परवान्यात राहून वापरता येतात. युनिकोड मजकुराचा फॉन्ट हरवला तर सजावट बिघडते, पण शब्द शाबूत राहतात. जुन्या मजकुराचा फॉन्ट हरवला तर शब्दच जातात.

समजा, तुमच्या गावच्या वाचनालयाची १९९८ सालची स्मरणिका पेजमेकरमध्ये केलेली आहे. त्यात गावचा इतिहास आहे, आता हयात नसलेल्या माणसांच्या आठवणी आहेत. फाइल सीडीवर आहे, सीडी चालते, फाइल उघडते. पण फॉन्ट नसेल तर तिच्यातला एक शब्दही वाचता येणार नाही. म्हणून जुने मराठी फॉन्ट ‘आता कोण वापरतंय’ म्हणून पुसून टाकू नका. इंग्रजीचे चार हजार शोभेचे फॉन्ट खुशाल पुसा, त्यांच्यावाचून काही अडत नाही.

फोल्डर कसे करायचे?

बरेच जण दिसण्यावरून फोल्डर करतात, म्हणजे ठळक, नाजूक, लग्नपत्रिका, दिवाळी अंक वगैरे. ते चालत नाही, कारण एकच फॉन्ट पत्रिकेलाही लागतो आणि अंकालाही. मग त्याच्या दोन प्रती होतात आणि घोळ सुरू होतो. दिसण्यावरून गट करायचे ते फॉन्ट मॅनेजरमध्ये करा. तिथे एक फॉन्ट पाच गटांत असला तरी फाइल एकच राहते.

डिस्कवरचे फोल्डर मात्र मुळावरून करा. आधी ‘युनिकोड मराठी’, ‘जुने मराठी’ आणि ‘इंग्रजी’ असे तीन. ‘जुने मराठी’मध्ये प्रत्येक पॅकेजचं वेगळं फोल्डर हवं. प्रत्येक फॉन्टसोबत आलेली परवान्याची फाइलही तिथेच ठेवा. विकतचा फॉन्ट असेल तर पावती पण. ‘पाच हजारांच्या सेट’मध्ये बहुतेक वेळा विकतचे फॉन्ट फुकट वाटलेले असतात. गिऱ्हाइकाचा लोगो अशा फॉन्टमध्ये केलात तर उद्या जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

एखादा फॉन्ट कुठल्या प्रकारचा ते कसं ओळखायचं? फॉन्ट फाइलवर डबल क्लिक करा. नमुन्याच्या इंग्रजी वाक्याच्या जागी देवनागरीचे तुकडे दिसले तर तो जुना फॉन्ट. युनिकोड फॉन्ट तपासायला मॅनेजरच्या नमुन्याच्या चौकटीत स्वतःचं वाक्य टाका. मी विद्यार्थ्यांना हे वाक्य देतो :

ॲडमिशनसाठी शेतकऱ्याची लेक ऑगस्टमध्ये ट्रॅक्टरने दऱ्या ओलांडून शाळेत पोचली. छत्री उद्ध्वस्त, फी ₹१५,८९०.

वाक्य विचित्र आहे, पण फॉन्टची सगळी परीक्षा त्यात होते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि रुपयाचं चिन्ह २०१० साली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे रिकामी चौकट दिसते किंवा ते अक्षर दुसऱ्याच फॉन्टमधून उसनं येतं. ‘शेतकऱ्याची’ आणि ‘दऱ्या’ यांतला अर्धा र हिंदीत लागत नाही, म्हणून केवळ हिंदीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये तो अनेकदा कच्चा असतो. ‘लेक’मधला ल आणि ‘शाळेत’मधला श मराठी वळणाचे आहेत का, ५, ८ आणि ९ आपल्या सवयीचे आहेत का, तेही एका नजरेत कळतं.

एक फसवणूक इथे होते. दहा वेगवेगळ्या फॉन्टमध्ये हे वाक्य अगदी सारखंच दिसलं तर समजा की त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. विंडोज गुपचूप निर्मला यूआय किंवा मंगल वापरून दाखवतंय.

आणि फॉन्ट चांगला असूनही इनडिझाइनमध्ये वेलांटी भलतीकडे गेली, जोडाक्षरं फुटली, तर दोष फॉन्टचा नाही. परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, सगळं जागेवर येतं. हे माहीत नसल्यामुळे लोक फॉन्टमागून फॉन्ट उतरवत बसतात आणि साठा उगाच वाढतो.

नाव एक, फाइली तीन

फॉन्टला दोन नावं असतात. एक फाइलचं नाव, जे तुम्ही बदलू शकता. दुसरं फॉन्टच्या पोटात कोरलेलं, जे यादीत दिसतं. जसं घरी ‘बाळू’ आणि दाखल्यावर ‘बाळकृष्ण’. तुमची डिझाइन फाइल फक्त दाखल्यावरचं नाव लक्षात ठेवते. त्यामुळे वेगळ्या फाइलनावाचे तीन फॉन्ट आत एकाच नावाचे असू शकतात आणि त्यांच्या आवृत्त्या वेगळ्या असतात. तुमच्याकडे एक आवृत्ती, प्रेसकडे दुसरी. अक्षरांची रुंदी केसभर वेगळी निघते, ओळ पुढे ढकलली जाते, आणि बत्तीस पानांचं पुस्तक तेहतीस पानांचं होतं. मॅनेजरमध्ये दुहेरी फॉन्ट शोधा, आवृत्ती पाहा, एकच ठेवा. मात्र जुन्या कामाच्या फोल्डरात त्या कामासोबत ठेवलेली जुनी आवृत्ती तिथेच राहू द्या.

काम संपलं की

फॉन्ट साठ्यात आहे, एवढ्यावर विसंबू नका. प्रत्येक पूर्ण झालेल्या कामासोबत त्याचे फॉन्ट बांधून ठेवा. इनडिझाइनमध्ये ‘पॅकेज’, कोरलमध्ये ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ हे त्यासाठीच आहे. पॅकेज केलं की ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ नावाचं फोल्डर तयार होतं, आणि पुढे फाइल उघडताना इनडिझाइन तिथले फॉन्ट आपोआप घेतं, इन्स्टॉल करावे लागत नाहीत. ॲडोबीच्या वर्गणीतून मिळणारे ऑनलाइन फॉन्ट मात्र त्यात येत नाहीत. वर्गणी थांबली की ते गेले.

वर्डमध्ये प्रश्नपत्रिका करणाऱ्या शिक्षकांनीही ‘सेव्ह’च्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्ये घालण्याची खूण करावी. विंडोज १० पासून मंगल सगळ्या संगणकांवर आपोआप येत नाही. तो ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स म्हणून घ्यावा लागतो. प्रश्नपत्रिकेची शेवटची ओळ दुसऱ्या शाळेत गेल्यावर पुढच्या पानावर का जाते, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

प्रेसला पाठवताना फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफ द्या. आपल्याकडे सर्रास ‘कर्व्ह’ करून देतात. फ्लेक्सला आणि पत्रिकेला ते ठीक आहे, पण पुस्तकाला नको. कर्व्ह केलेलं अक्षर म्हणजे चित्र, त्यातली चूक नंतर सुधारता येत नाही. कर्व्ह करायचंच असेल तर वेगळ्या नावाने प्रत करा आणि मूळ फाइल तशीच ठेवा.

जुनं मराठी काम हाताशी असेल आणि त्याचा फॉन्टही असेल, तर आताच दोन गोष्टी करून ठेवा. त्याची पीडीएफ काढा आणि मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा. परिवर्तकाला मूळ फॉन्ट कुठल्या पॅकेजचा ते सांगावं लागतं, म्हणून फोल्डरवरचं नाव महत्त्वाचं. जुन्या मांडणीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. म्हणून परिवर्तनानंतर वेलांटी, रफार आणि ‘ऱ्य’ या तीन जागा पीडीएफशी ताडून पाहा. बहुतेक चुका तिथेच सापडतात.

आधीच हजारो फॉन्ट इन्स्टॉल झालेत, त्यांचं काय? घाईने काढू नका. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातले सगळे आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. विंडोज १० पासून काही फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्यापुरते, त्याच्या ॲपडेटामधल्या फॉन्ट्स फोल्डरात बसतात. तेही घ्या. मग सेगो यूआय, टाहोमा, एरियल, निर्मला यूआय असे विंडोजसोबत आलेले फॉन्ट सोडून बाकीचे पन्नास-पन्नासच्या तुकडीने काढा, संगणक पुन्हा सुरू करा, सध्या चालू असलेली कामं उघडून बघा. काही हरवलं तर ते कॉपीत आहेच. सुट्टीच्या एका दुपारी तीन-चार तुकड्या होतात.