खिडकीतील कुंडी आणि बालसंस्कार

भगवान ऋषभदेवांनी मानवाला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे आपली परंपरा सांगते. मुंबईतील व्यापारी कुटुंबांत मसि आणि वाणिज्य पिढ्यानपिढ्या चालत आले. कृषी मात्र मागे राहिली. गिरगावच्या चाळीत किंवा लालबाग-परळच्या उंच इमारतीत वाढणाऱ्या बालकाला कोथिंबीर म्हणजे भाजीवाल्याने पिशवीत टाकलेली जुडी, एवढेच ठाऊक असते. ती एका दाण्यातून उगवते, हे त्याने पाहिलेलेच नसते.

जागेची अडचण खरी आहे. पण ती अजिंक्य नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास बाग उभी केली, ती स्वयंपाकघरातील टाकाऊ पाला, देठ आणि साली वापरून. त्यामागे कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवार’चा विचार होता. दाभोळकर गणिताचे अध्यापक होते. थोड्या जागेत, मोजून-मापून, निरीक्षणाची नोंद ठेवीत पीक घेणे हा त्यांचा आग्रह. बालकासाठी तर खिडकीतील हातभर जागा पुरेशी आहे.

आरंभ धने आणि मेथी यांनी करावा. दुकानातील बियाण्यांना कधी कधी औषध लावलेले असते. म्हणून लहान हातांत स्वयंपाकघरातीलच दाणे द्यावेत. धने लाटण्याने हलकेच दाबून दुभंगावेत, रात्रभर भिजवावेत आणि अर्ध्या इंचावर पेरावेत. मेथी तीन-चार दिवसांत उगवते. धने आठ ते पंधरा दिवस घेतात. दोन्ही एकाच दिवशी पेरावे. मेथी हा रोखीचा व्यवहार, धने ही मुदतठेव. दोन्हींतील अंतर मुलाला न सांगताच समजते. पुदिन्याची काडी पेल्यातील पाण्यात ठेवली, तर मुळे फुटताना डोळ्यांना दिसतात. ऊन कमी असलेल्या घरात पानओव्याची फांदी लावावी. ती सहजासहजी रुसत नाही.

पेरणीला उत्तम काळ कार्तिकी पौर्णिमेनंतरचा. मुंबईच्या पावसात कोथिंबीर कुजते. शिवाय चातुर्मासात आपल्या अनेक घरांत पालेभाजी वर्ज्यच असते. निसर्गाचा आणि व्रताचा काळ येथे असा जुळून येतो.

तरीही एक प्रश्न उरतो. माती उकरण्यात आणि पान खुडण्यात सूक्ष्म जीवांची विराधना होते. मग मुलांना हे का शिकवावे? ज्या घराचा नियम याहून कठोर असेल, त्याने तो पाळावा. परंतु जुडी बाजारातून आली म्हणून ती विराधना टळत नाही. ती केवळ नजरेआड होते. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे, हे वाक्य पाठशाळेत पाठ होते. त्याचा अर्थ मात्र, स्वतः पाणी घातलेल्या रोपाचे पान खुडताना बोटे क्षणभर थबकतात, तेव्हा उमगतो. अष्टमी-चतुर्दशीला समोर हिरवेगार पान असूनही ते न तोडणे हा संयमाचा पहिला पाठ होय.

जीवदयेची दृष्टी व्यवस्थेतही हवी. ओला कचरा घरात कुजविल्यास त्यात जीवोत्पत्ती होते. म्हणून माती, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि पूर्ण मुरलेले खत वापरावे. बशीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवड्यात त्यातून नवा डास तयार होतो. मातीत बोट घालून ओल पाहावी, मगच पाणी द्यावे. रोपे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात. कुंडी जाळीच्या आतच असावी, खालून माणसे जात असतात.

मुलाच्या हाती एक लहान वही द्यावी. पेरणीची तारीख, दाणे किती, उगवले किती, खुडलेली पाने किती आणि कोणाच्या ताटात गेली, हे त्याने लिहावे. वीस दाण्यांतून बाराच उगवले, तर आठांची नोंदही तितक्याच प्रामाणिकपणे व्हावी. तोटा लपवू नये, हे व्यापारी घराचे जुने वळण आहे. सणाच्या डाळीवर त्या कोथिंबिरीची चार पाने पडतील. तेवढ्याने बाजाराचा खर्च वाचणार नाही. पण ताटात पान टाकून उठताना ते मूल विचार करील.