भिंग नवे, तरी चष्मा का?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांना दूरचे झाड स्वच्छ दिसते. वर्तमानपत्र वाचताना मात्र ते चष्मा शोधतात. असे का व्हावे?

आपले मूळ नेत्रभिंग एका पारदर्शक पिशवीत असते. ही पिशवी बारीक तंतूंनी भोवतालच्या कंकणाकृती स्नायूला जोडलेली असते. दूर पाहताना स्नायू सैलावतो, तंतू ताणले जातात व भिंग चपटे होते. जवळ पाहताना स्नायू आकसतो, कंकणाचा घेर कमी होतो, तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होऊन त्याची शक्ती वाढते. वयाबरोबर भिंग कठीण होते, ते फुगेनासे होते. हीच चाळिशी!

ही वाढ किती लागते? पुस्तक ४० सेंमी, म्हणजे ०.४ मीटरवर धरले, तर १ ÷ ०.४ = २.५ डायॉप्टर.

लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिले कृत्रिम भिंग बसवले. युद्धात विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही दाह होत नव्हता, हे त्यांनी हेरले होते. पण हे भिंग न फुगणारे, एकाच अंतरासाठी नेमलेले. आजही बहुतेक भिंगे तशीच असतात. बहुकेंद्री भिंग प्रकाश दूर व जवळ असा वाटून देते. पण त्यामुळे चित्र थोडे फिके पडते आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात.

मग भिंगच पुढे सरकवले तर? बिजागरीसारख्या पात्यांचे असे भिंग अमेरिकेत २००३ साली मान्य झाले. मात्र एक मिलिमीटर सरकण्याने जेमतेम सव्वा डायॉप्टर मिळतो आणि डोळ्यात तेवढेही सरकणे होत नाही. म्हणून संशोधक आकार बदलणाऱ्या भिंगाकडे वळले. त्याच्या कडेच्या पोकळ्यांत सिलिकॉन तेल असते. जवळ पाहताना पोकळ्या दाबल्या जातात, तेल मध्यभागी येते व भिंग फुगते.

स्नायूची ताकद उतारवयातही बरीच टिकते, ही जमेची बाजू. अडचण पिशवीची आहे. शस्त्रक्रियेनंतर ती आकसते, ताठर होते आणि स्नायूची हालचाल भिंगापर्यंत नीट पोहोचत नाही. शिवाय हे भिंग घडी घालून लहानशा छेदातून आत गेले पाहिजे आणि पुढे अनेक वर्षे टिकले पाहिजे.

वर्गात एक प्रयोग करून पाहू. एक डोळा मिटून पेन्सिलीचे टोक २५ सेंमीवर धरावे व त्यामागचे दूरचे झाड पाहावे. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात का? टोक स्पष्ट दिसण्यासाठी भिंगाची शक्ती किती डायॉप्टरने वाढावी लागली, ते विद्यार्थ्यांनीच काढावे.