अक्षय ऊर्जा, आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन : एका गुणाकाराचा अर्थ

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आणि चर्चासत्रांतील निबंधांत एक विधान वारंवार आढळते : भारताने अक्षय ऊर्जेचा वाटा वाढविला, त्यामुळे देशाचे कार्बन उत्सर्जन घटले. विधानाचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध नाही. हा घोटाळा कसा होतो ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांविषयी. एके काळी 'अपारंपरिक ऊर्जा' हा शब्द रूढ होता. आता 'अक्षय' किंवा 'नवीकरणीय' म्हणतात. उर्दूत 'काबिले-तजदीद तवानाई', म्हणजे पुन्हा नवी होऊ शकणारी ऊर्जा. भाषेचा अध्यापक या नात्याने मला उर्दू संज्ञा अधिक नेमकी वाटते. 'अक्षय' म्हटले की केव्हाही व कितीही मिळणारी असा भास होतो. सूर्य तर रोज मावळतो. म्हणूनच एक मेगावॅट सौर क्षमतेतून आपल्याकडे वर्षाला साधारण १६ लाख युनिट वीज मिळते, तर तेवढ्याच क्षमतेच्या कोळसा केंद्रातून सुमारे ६० लाख. २०२५ च्या जूनमध्ये भारताची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली, तरी २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. दोन्ही आकडे खरे. एक क्षमतेचा, दुसरा निर्मितीचा.

आता मूळ संबंध. जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी तो एका गुणाकारात मांडला आहे. एकूण उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेच्या प्रत्येक एककामागील कार्बन, या चार संख्यांचा गुणाकार. अक्षय ऊर्जा मुख्यतः चौथी संख्या कमी करते. पहिल्या दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न, तर शेवटच्या दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे 'उत्सर्जन तीव्रता'.

समजा, तीव्रता दरवर्षी ३ टक्क्यांनी घटते. उत्पन्न १ टक्क्याने वाढत असेल तर १.०१ गुणिले ०.९७, म्हणजे एकूण उत्सर्जन सुमारे २ टक्क्यांनी उतरते. उत्पन्न ७ टक्क्यांनी वाढत असेल तर १.०७ गुणिले ०.९७, म्हणजे उत्सर्जन जवळजवळ ४ टक्क्यांनी चढते. प्रयत्न तोच, फळ उलटे.

ब्रिटन आणि भारत ही याची दोन उदाहरणे. ब्रिटनमधील उत्सर्जन १९९० च्या तुलनेत जवळपास निम्मे झाले आहे, अर्थव्यवस्था मात्र वाढली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तेथील शेवटचे कोळसा वीजकेंद्रही बंद झाले. (याचे श्रेय एकट्या पवनचक्क्यांना नाही. कोळशाची जागा आधी नैसर्गिक वायूने घेतली होती आणि बऱ्याच वस्तू आता परदेशात तयार होऊन तेथे येतात.) भारताची तीव्रता २००५ ते २०२० या काळात ३६ टक्क्यांनी घटली, एकूण उत्सर्जन मात्र वाढतच गेले. २०१५ मध्ये आणि पुढे २०२२ मध्ये भारताने वचन दिले ते तीव्रतेचे होते, एकूण उत्सर्जनाचे नव्हे. यात मला लबाडी दिसत नाही. आपले दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे २ टन, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. आक्षेप आहे तो तीव्रतेचा आकडा एकूण उत्सर्जनाचा म्हणून वाचण्याला.

अर्थशास्त्रज्ञांचा आणखी एक जुना वाद आहे : ऊर्जा वाढीला जन्म देते की वाढ ऊर्जेच्या मागणीला? १९७८ मध्ये क्राफ्ट व क्राफ्ट यांनी अमेरिकेच्या आकडेवारीवरून दुसरी दिशा दाखविली. नंतरच्या अभ्यासांत देश, कालखंड व पद्धतीनुसार चारही उत्तरे निघाली : ही दिशा, ती दिशा, दोन्ही, आणि कोणतीच नाही. त्यामुळे एका अभ्यासाचा निष्कर्ष सर्व देशांना लावणाऱ्या निबंधाला मी तरी चांगले गुण देणार नाही.

ही वाढ कोणाच्या वाट्याला येते, हे मात्र गुणाकारात दिसत नाही. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात पावगड येथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. तेथील जमीन संपादित न करता शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतली गेली. दुष्काळी भागातील जमीनमालकाला दरवर्षी ठरलेले भाडे मिळू लागले, ही मोठीच गोष्ट. पण त्याच शेतांत मजुरी करणाऱ्या भूमिहीनांच्या नावावर भाड्याने देण्यासारखे काही नव्हते, आणि सौर पट्ट्या पुसायला शेतीइतकी माणसे लागत नाहीत.