ऑटोमॅटिकला भरलं कापरं!

क्लच नाही, गिअरची कटकट नाही. याच मोहापायी मी सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. सहा महिने एकदम झक्कास! मग एक्स्प्रेस वेवर ७०च्या स्पीडला गाडी थरथरायला लागली. रम्बलरवरून चाललीय असंच वाटावं! व्हील बॅलन्सिंग केलं, प्लग बदलले, थरथर तशीच. गॅरेजवाला म्हणाला, "अख्खा गिअरबॉक्स बदला." आकडा माझ्या तीन महिन्यांच्या कमाईएवढा!

सुदैवाने दुसऱ्या मेकॅनिकने आधी ट्रायल घेतली. मागे कुणी नाही हे बघून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवत त्याने ब्रेकला हलकेच पाय लावला. थरथर गायब! दोषी होता टॉर्क कन्व्हर्टर.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला हा ऑइलने भरलेला डबा. इंजिनकडचा पंखा ऑइल ढकलतो आणि त्या जोरावर गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. गाडीने वेग धरला की लॉक-अप क्लच दोघांना घट्ट जोडतो, पेट्रोल वाचतं. पण ऑइल खराब झालं की हा क्लच धड पकडत नाही, धड सोडत नाही. म्हणून कापरं! ब्रेकला पाय लागताच तो सुटतो आणि गाडी शांत होते.

माझं काम कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं ऑइल भरून भागलं. क्लच झिजला असता तर कन्व्हर्टर बदलावाच लागला असता.

तेव्हा सेकंडहँड ऑटोमॅटिक घेताय? गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं, ते आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर चावी परत द्या, बॉस!