बॅटरी मरते वैशाखात, कळते पौषात

मुंबई-ठाण्याच्या भाजीबाजारात सकाळी कोथिंबिरीची जुडी हातात घेतली, की ती ताजी आहे ना, हे आपण देठ मोडून पाहतो. हीच जुडी काल दुपारपर्यंत जुन्नरकडच्या एखाद्या वाफ्यात उभी होती, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. संध्याकाळी ती उपटली गेली, बांधली गेली आणि रातोरात माळशेज घाट उतरून वाशीच्या बाजारात पोचली. तिला तिथवर आणणारी असते एखादी डिझेलची पिकअप. गाडी घेताना इंजिनाची चर्चा होते, टायरची होते, अॅव्हरेजची तर फारच होते. बॉनेटखाली कोपऱ्यात बसलेल्या काळ्या डब्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. ती बॅटरी ज्या दिवशी बसते, त्या दिवशी मात्र तिच्याखेरीज दुसरा विषय नसतो.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. शिशाच्या दोन प्लेटा आणि सौम्य गंधकाम्ल यांची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, याची गणती नाही. पण त्या आकृतीची किंमत रुपयांत किती, हे कळले ते पुतण्याच्या पिकअपमुळे. दोन वर्षांपूर्वीच्या पौषातली गोष्ट. गाडीत मेथी आणि कोथिंबीर भरलेली, घाट उतरून झालेला. पुतण्या मुरबाडच्या अलीकडे चहाला थांबला. अर्ध्या-पाऊण तासाने सेल्फ मारला तर नुसता कट्-कट् आवाज! भरलेली पिकअप ढकलायला माणसे गोळा करण्यात वेळ गेला. गाडी वाशीला पोचली तेव्हा पालेभाजीचा मुख्य बाजार उरकला होता. पुतण्याला भाडे मिळाले; पण ज्याची भाजी होती त्या शेतकऱ्याच्या पट्टीत त्या दिवशी मजुरीसुद्धा सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, आता बॅटरीच टाकतो नवी. सगळ्यांत मोठी मिळेल ती." मी म्हटले, "टाकू. पण आधी जुनी कशाने गेली ते बघू. नाहीतर नवीही त्याच वाटेने जायची."

नवी बॅटरी घेण्याचे काम दुकानात सुरू होत नाही, गाडीपाशी सुरू होते. या लेखात मला सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. पण त्यासाठी डिझेलच्या इंजिनाची खोड समजून घेतली पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्यात ठिणगीच नाही. हवा इतकी दाबायची, की ती तापून लाल व्हावी आणि आत फवारलेले इंधन आपोआप पेटावे. पेट्रोल इंजिनात हवा साधारण दहापट दाबली जाते. डिझेलमध्ये सोळापट किंवा त्याहून अधिक. साहजिकच बंद इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते. शिवाय थंडीत हवा पुरेशी तापावी म्हणून जे ग्लो प्लग असतात, तेही आधी वीज खातात. छोट्या पेट्रोल मोटारीला ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पुरते आणि पिकअपला ६५ ते ८०ची लागते, त्याचे कारण हे.

हे अँपिअर-अवर म्हणजे काय? बॅटरी ८०ची असेल तर ती ४ अँपिअरने २० तास वीज देऊ शकते, असा त्याचा अर्थ. हा झाला साठा. आता एक गंमत पाहा. सेल्फ मारताना पिकअपची मोटर सुमारे ३०० अँपिअर ओढते असे धरू. आकडा छाती दडपवणारा आहे. पण ओढते किती वेळ? तीन सेकंद. हिशेब केला तर खर्च होतो पाव अँपिअर-अवर! ८० लिटरच्या पिंपातून पाव लिटर पाणी काढावे, तसे. ते पाणी गाडी चालू झाल्यावर अल्टरनेटर, ज्याला जुने चालक अजून डायनामोच म्हणतात, थोड्याच वेळात भरून काढतो. म्हणजे सेल्फसाठी प्रश्न पिंप केवढे आहे हा नसून तोटी केवढी आहे हा असतो. थोड्या वेळात धो धो वीज देता आली पाहिजे.

मग पिंप रिकामे होते कशाने? पुतण्याच्या गाडीत ते आम्हाला सापडले. आळेफाट्याचे एक जुने वायरमन आहेत. त्यांनी आधी बॅटरीला हात न लावता मीटर लावला. गाडी पूर्ण बंद, चावी खिशात, आणि तरी अर्धा अँपिअर वीज कुठेतरी जातच होती. गाडीत गाण्यांची मशीन बसवताना कोणीतरी तिची वायर चावीतून न घेता सरळ बॅटरीवरून ओढली होती. आवाज बंद असला तरी यंत्र जागेच राहायचे. अर्धा अँपिअर म्हणजे दिसायला काहीच नाही. पण एका दिवस-रात्रीत त्याचे १२ अँपिअर-अवर होतात. ४८ वेळा सेल्फ मारण्याइतकी वीज गाडी नुसती उभी राहून पीत होती! चालू गाडीत चावी काढल्यावरची ही गळती अँपिअरच्या विसाव्या भागाच्या आत असावी लागते.

"सर, अजून एक बघा," असे म्हणत वायरमनांनी अर्थिंगची पट्टी दाखवली. बोल्टाखाली हिरवट-पांढरा गंज. अशा सांध्याचा विरोध ओहमचा शंभरावा भाग असला, तरी ३०० अँपिअर वाहताना तिथे ३ व्होल्ट मारले जातात. बारातले तीन वाटेतच गेले, तर सेल्फने फिरावे कशाने? बॅटरी निर्दोष असूनही गाडी कट्-कट् करते ती अशी. पॉलिश पेपरने घासून आवळणे, हा त्यावरचा उपाय फुकट आहे.

तिसरी तपासणी अल्टरनेटरची. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. त्याहून कमी असतील तर पट्टा ढिला आहे किंवा अल्टरनेटर आजारी आहे. पंधराच्या पुढे जात असतील तर बॅटरी उकळते आहे, पाणी उडते आहे. या दोन्ही रोगांत नवी बॅटरी बळी देण्यात अर्थ नाही.

इतके करून मग बॅटरी उघडली. तिचे सहा घर म्हणजे सहा सेल, प्रत्येकी दोन व्होल्टचे. हायड्रोमीटरने पाचांत अॅसिडची घनता १.२४० भरली आणि एकात १.१३०. एक सेल गेलेला. चार वर्षांची बॅटरी, तिने आपले आयुष्य जगून घेतले होते. बदलणे भागच होते. पण वायर आणि गंज तसाच ठेवला असता, तर नव्या बॅटरीनेही वर्ष-दीड वर्षात मान टाकली असती. आणि मोठी घेतली असती तरी? मोठी बॅटरी बसवल्याने गळती थांबत नाही. ती चार दिवस उशिरा बसते, इतकेच.

इथे थंडीवरचा एक आळही दूर केला पाहिजे. बॅटरी बसते ती बहुतेक पौष-माघातल्या पहाटे. साहजिकच आपण म्हणतो, थंडीने गेली. वास्तविक तिला मारतो तो वैशाख. उन्हाळ्यात तापलेल्या इंजिनाशेजारी प्लेटांच्या जाळ्या झपाट्याने गंजतात आणि पाणी आटते. तपमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. अशी खंगलेली बॅटरी पावसाळाभर निभावून नेते. मग थंडीत इंजिनाचे ऑइल घट्ट होते, आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि ती शेवटची परीक्षा नापास होते. म्हणून बॅटरी तपासायची ती दिवाळीच्या आधी. घाटात नव्हे, घरी.

आता दुकान. पहिली गोष्ट माप. जुन्या बॅटरीची लांबी, रुंदी, उंची आणि धन टोक कोणत्या बाजूला आहे, हे कागदावर लिहून न्यावे. टोक उलट्या बाजूला आले तर वायर ताणावी लागते. उंची जास्त झाली तर खड्ड्यात टोक बॉनेटला टेकून ठिणग्या उडतात. बॅटरी ट्रेमध्ये घट्ट बसून वरून पट्टी आवळली गेली पाहिजे. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी प्लेटांवरचा लेप झडतो, आणि पिकअपच्या नशिबी कच्चा रस्ता रोजचा.

दुसरी गोष्ट आकडे. अँपिअर-अवर गाडीच्या पुस्तकात दिले आहेत त्याहून कमी नकोत. दुसरा आकडा सीसीए. उणे १८ अंश तपमानात बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते आणि तरी ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, ते हा आकडा सांगतो. निफाडला कितीही गारठा पडला तरी उणे १८ काही होत नाही. पण हा तोटीचा आकडा आहे. एकाच मापाच्या, एकाच साठ्याच्या दोन बॅटऱ्यांत ज्याची तोटी मोठी, ती डिझेलला बरी.

याच कारणाने घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी पिकअपला चालत नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर घरोघर आले आणि "त्यातली जुनी लावून बघू का?" हा प्रश्नही आला. इन्व्हर्टरच्या प्लेटा जाड असतात. त्या तासन्‌तास संथपणे वीज देतात. गाडीच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ. त्या क्षणात भरपूर देतात, पण पूर्ण रिकाम्या होणे त्यांना सोसत नाही. एक मॅरेथॉनची, दुसरी शंभर मीटरची. दोघींनी आपापल्या मैदानात धावावे.

तिसरी गोष्ट जन्मतारीख. बॅटरी फळीवर पडल्या पडल्या आपोआप उतरत असते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवरच्या सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि ते मग पुरते विरघळत नाहीत. एका दुकानात आम्हाला दहा महिन्यांपूर्वीची बॅटरी दाखवली. मालक म्हणाले, "नवीच आहे की! सील तरी तुटलंय का?" वायरमनांनी मीटर लावला, १२.३ निघाले. सील शाबूत होते, आतली वीज नव्हती. आम्ही दोन दुकाने पुढे गेलो आणि दीड महिन्याची घेतली.

चौथी गोष्ट वॉरंटीचे कार्ड. '३६ महिने' असे ठळक लिहिलेले असते. बारीक अक्षरांत असते, की त्यातले पहिले काही महिनेच फुकट बदलून मिळेल. पुढे वापरलेल्या काळाच्या प्रमाणात फक्त सूट. भाड्याच्या गाडीसाठी मुदत वेगळी असू शकते, तेही विचारावे. तारीख, गाडीचा नंबर आणि शिक्का जागच्या जागी घेतला नाही, तर ते कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा.

रस्त्यात बॅटरी बसलीच तर एक सावधगिरी. अनेक मोठ्या ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. मदतीला थांबलेल्या अशा ट्रकवरून पिकअपला वायर लावली, तर आजच्या गाडीतला संगणक क्षणात जळू शकतो. वायर घ्यावी ती १२ व्होल्टच्या गाडीवरूनच. तीही शेवटचे टोक बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून; कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीची वाटच पाहत असतो. विडीचा तर प्रश्नच नाही.

राहता राहिली जुनी बॅटरी. दुकानदाराने तिच्या बदल्यात काही रक्कम वजा केली. बाहेर एक भंगारवाला उभा होता. तो दीडशे रुपये जास्त देत होता. पुतण्या थबकला. दीडशे रुपये म्हणजे दोघांचा घाटातला चहा-नाश्ता.

पण त्या डब्यातल्या वजनाचा बहुतांश भाग शिशाचा असतो. परवाना असलेल्या कारखान्यात ते शिसे वितळून पुन्हा नवी बॅटरी होते. हा धातू पुन्हा पुन्हा वापरता येतो. वस्तीच्या कडेला उघड्या भट्टीत तोच डबा फुटला, तर अॅसिड ओढ्यात जाते आणि शिशाची धूळ अंगणात. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते, आणि त्याचे सुरक्षित असे प्रमाण माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी, ही तरतूद आपल्याकडे २००१च्या नियमांत आली. २०२२च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी थेट उत्पादकांवर टाकली. पण नियम कागदावर असतो. जुना डबा कुठे जाणार, हे ठरते दुकानाच्या पायरीवर, दीडशे रुपयांच्या फरकाने.

पुतण्याने डबा दुकानात ठेवला, पावती घेतली आणि मला म्हणाला, "काका, चहा तुम्ही पाजायचा." मी पाजला. विज्ञानाचा तास इतक्या स्वस्तात कधी पार पडला नव्हता.